रोजचा एक अध्याय

कुणी “विश्वास धरा” असे म्हटले की आमची आई नुसती मान हलवते. २०२१ च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ करोनाने गेला, तेव्हा हे दोन शब्द तिने किती वेळा ऐकले असतील, देव जाणे. म्हणणाऱ्यांचा दोष नव्हता. टाळेबंदीत फोनवरून माणूस दुसरे बोलणार तरी काय?

मला मात्र राग येई. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. रेव्हरंड टिळकांची पदे मला लहानपणापासून पाठ. वर्गात त्यांवर मी तासन्‌तास बोललो आहे. पण त्या महिन्यात एक पद ओठांवर येईल तर शपथ!

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिने फर्मान काढले, “रात्री जेवणं झाली की एक अध्याय वाचून दाखवत जा. तुला पटो न पटो.” मी वाचू लागलो तो मुलगा म्हणून, श्रद्धा वगैरे काही नाही. मास्तरकीच्या खोडीने क्रियापदे न्याहाळत वाचायचे, एवढेच.

घरातली प्रत पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची. आजी केडगावच्या मुक्तिसदनात वाढली, तिने ती आणलेली. रमाबाईंचे चरित्र मी कितीदा सांगितले असेल. पण त्यातले मृत्यू एका ओळीत मांडून कधी पाहिले नव्हते. दुष्काळाच्या वणवणीत आईवडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा. कानांनी नीट ऐकूही येत नसे. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, ती ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि संस्कृतचा सारा डौल बाजूला ठेवून खेड्यातल्या बायकांना उमजेल असे मराठी लिहीत बसली. वर्षानुवर्षे. मनोरमा गेल्यावरही ते काम सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. छापून पुरा झालेला ग्रंथ त्यांच्यामागून बाहेर आला. मुलीमागे उरलेल्या त्या आठनऊ महिन्यांत त्यांना रोज सकाळी धीर वाटत असेल, असे मला वाटत नाही. कागद पुढे ओढला जात असेल, इतके खरे.

एका रात्री ८८ वे स्तोत्र आले. विलापाची बाकीची स्तोत्रे बहुधा रडत सुरू होतात आणि स्तुतीवर येऊन थांबतात. हे अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. वाचून झाल्यावर मी जरा चिडूनच म्हणालो, “आई, यात सांत्वनाचा एक शब्द नाही. बायबलात ठेवलं तरी कशाला?”

ती भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडे पाहत होती. डोळ्यांना तो कितपत दिसत होता कोण जाणे.

“अरे, पण तो हे सगळं बोलतोय कुणाशी?”

मी गप्प झालो. पटले असे नव्हे, उत्तर सुचेना. पण दुसऱ्या रात्री ८९ वे काढताना पहिल्यांदाच क्रियापदांकडे लक्ष गेले नाही.

पुढे आईची शस्त्रक्रिया झाली. आता ती दिवसा वर्तमानपत्र कोपऱ्यातल्या जाहिरातींसकट वाचते. रात्री मात्र जेवण उरकले की चष्मा काढून घडी घालते आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवते.