रोमचा निरोप

रोम सोडताना पाय जड होतात, याची साक्ष दोन हजार वर्षांपूर्वीपासून मिळते. इ. स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने कवी ओव्हिडला काळ्या समुद्राकाठच्या तोमिस गावी हद्दपार केले. रोममधल्या आपल्या शेवटच्या रात्रीवर त्याने विरहकविता लिहिली. पुढे १७८८ च्या एप्रिलमध्ये जर्मन कवी गटे रोमहून निघाला. चांदण्यात कॅपिटोल टेकडीवरून कलोसियमकडे फिरतानाच्या त्या निरोपाचे वर्णन करताना त्याला ओव्हिडचीच कविता जवळची वाटली. ओव्हिड तोमिसलाच वारला. गटे पुढे व्हेनिसपर्यंत आला, पण रोम त्याला पुन्हा दिसले नाही.

सामान बांधून झाल्यावर उरलेल्या दिवसात एखादे राहून गेलेले संग्रहालय धावतपळत उरकण्यात अर्थ नाही. तो दिवस पाण्याच्या मागे चालण्यात घालवावा. पूर्वेकडच्या झऱ्यांचे पाणी रोममध्ये आणणारा ‘अक्वा व्हिर्गो’ हा कालवा ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने इ. स. पू. १९ मध्ये बांधला. तो बहुतांशी जमिनीखालून येतो. म्हणूनच पडत्या काळातही तो पुरता नष्ट झाला नाही, पुन्हापुन्हा दुरुस्त होत राहिला. स्पॅनिश पायऱ्यांच्या तळाशी पाण्यात अर्धी बुडालेली दगडी होडी आहे, ती याच पाण्यावर. पियाझ्झा नावोनातले बर्निनीचे चार नद्यांचे कारंजेही (१६५१) त्याच्यावरच वाहते झाले. त्या चार नद्यांत एक गंगा आहे, हाती लांब वल्हे घेतलेल्या दाढीवाल्या पुरुषाच्या रूपात. गंगेला आई म्हणणाऱ्याला ते रूप क्षणभर परके वाटते. तरी परमुलखात, तेही निघायच्या दिवशी, ती भेटते याने मन भरून येते.

संध्याकाळी त्रेव्हीला यावे. १७६२ मध्ये पुरे झालेल्या या भव्य कारंज्याला पाणी त्याच कालव्याचे. त्याच्याकडे पाठ करून, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणे टाकले की रोमला पुन्हा येणे होते, अशी समजूत आहे. ही नाणी नियमित काढली जातात आणि कारितास या कॅथलिक सेवासंस्थेमार्फत गरजूंच्या मदतीला जातात. परत येणे घडो न घडो, निघण्यापूर्वी एक नाणे तिथे जरूर टाकावे.