उलट बाजूनें

वेरूळ पाहिलेलें नाहीं असा मनुष्य आमच्या शहरांत सांपडणें कठीण. पण वेरुळास पायीं गेलेला मनुष्य सांपडणें त्याहूनहि कठीण. पाहुणा आला कीं त्याला मोटारींत बसवावयाचें, वाटेंत देवगिरी बोटानें दाखवावयाचा, कैलासासमोर त्याचें छायाचित्र घ्यावयाचें आणि दोनप्रहरीं जेवावयास घरीं परतावयाचें, हा आमचा कुलाचार. मीं स्वतः तो तीस वर्षें निष्ठेनें पाळला आहे. तेव्हां पुढील मजकुरांत टीकेचा सूर आढळलाच, तर ती टीका प्रथम माझ्यावरच आहे असें वाचकांनीं समजावें.

या कुलाचाराला अपवाद होते माझे वडील. ते शाळामास्तर. दरवर्षीं पाऊस ओसरला कीं वर्गांतील पंधरावीस मुलें घेऊन ते देवगिरीच्या पायथ्यापासून खुलताबादेवरून वेरुळास चालत जात. मी त्या वर्गांत बसण्याच्या वयाचा होईपर्यंत त्यांची बदली झाली, आणि पुढें मला चालण्याचा कंटाळा जडला. अखेरच्या वर्षीं त्यांनीं पुन्हां एकदां वेरूळ पाहण्याची इच्छा दर्शविली. मीं त्यांना अर्थातच मोटारीनें नेलें. कैलासाच्या दाराशीं काठी टेकून ते क्षणभर उभे राहिले व म्हणाले, "अरे, आपण उलट बाजूनें आलों."

वयोमानानें त्यांना दिशाभ्रम झाला असावा असें मला वाटलें. लहान मुलाची समजूत घालावी तशा सुरांत मी म्हणालों, "नाहीं नाना, दार हेंच." ते किंचित् हंसले आणि आंत गेले. पुढची संक्रांत त्यांनीं पाहिली नाहीं.

गेल्या वर्षीं माझ्या भाच्याचें फ्रान्सहून पत्र आलें. त्या देशांत १९४७ पासून रानांतल्या वाटा आंखून ठेवल्या आहेत. झाडावर, दगडावर, कुंपणाच्या खांबावर पांढरा व तांबडा असे दोन पट्टे रंगविलेले. ते पाहत चालावें म्हणजे अरण्यें, जुने मठ, पडके वाडे ओलांडीत मनुष्य एका गांवाहून दुसऱ्या गांवास पोंचतो. "आपल्याकडे असें कांहीं असतें तर!" असें त्यानें शेवटीं लिहिलें होतें. पत्र वाचून मलाहि हळहळ वाटली. आणि त्याच क्षणीं नानांची आठवण होऊन त्या हळहळीची लाजहि वाटली. भाद्रपदांतल्या एका सकाळीं मी काठी घेऊन देवगिरीच्या पायथ्याशीं उतरलों.

सडकेनें जाणाऱ्याला देवगिरी हा एक डोंगर दिसतो. पायीं जाणाऱ्याला तो घटकाभर सोडीत नाहीं. दर वळणावर मागें पाहावें तों हा उभाच! ११८७ मध्यें भिल्लम यादवानें येथें राजधानी केली. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें आणून तिला दौलताबाद नांव दिलें. दिल्लीहून आणलेल्या त्या माणसांच्या पायांचा विचार माझ्या मनांत यापूर्वीं कधीं आला नव्हता. पहिला चढ चढून माझे गुडघे बोलूं लागले तेव्हां तो आला. चढावर दोहीं बाजूंस रानसीताफळींची दाटी होती. फळें अजून सुपारीएवढीं. दिवाळीकडे याच बनांतून टोपल्या भरभरून शहरांत येतात.

वर पठारावर खुलताबाद. येथें औरंगजेबाची कबर आहे, आणि तिच्यासाठीं गाड्या थांबतात. त्याच गांवांत मलिक अंबर निजला आहे. हबसाणांतून गुलाम म्हणून आलेल्या या पुरुषानें १६१० मध्यें खडकी वसविली. तीच पुढें औरंगाबाद झाली आणि २०२३ मध्यें छत्रपति संभाजीनगर. ज्याच्या शहरांत माझा जन्म गेला त्याच्या घुमटापाशीं मी साठाव्या वर्षीं प्रथम उभा राहिलों! पायीं चालण्याची विद्या आमच्या शहरांतून अजीबात गेली आहे असें मात्र नव्हे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्रीं हजारों माणसें खुलताबादच्या भद्रा मारुतीला चालत येतात. पण ती वाट सडकेची, आणि ती रात्र वर्षांतून एकच.

खुलताबादेपुढें मीं सडक सोडली. नानांची वाट पठारावरून डोंगराच्या कडेला जात असे एवढें मला ठाऊक होतें. अर्ध्या मैलांत ती घाणेरीच्या जाळ्यांत नाहींशी झाली. मी गोंधळून उभा असतां गवताचा भारा घेतलेली एक बाई थांबली. "कुठं निघालात, मामा?" मीं सांगितलें. "ती वाट मोडली कीं! गुरं जात होती तंवर होती." एवढें बोलून तिनें भारा खालीं ठेवला आणि माझ्यापुढें चालूं लागली. पळसाचीं दोन झाडें, एक ओहोळ, मग काळा खडक. तिला रंगाच्या पट्ट्यांची गरज पडली नाहीं. खडकावरून तिनें हात पुढें केला व ती परत फिरली.

हात केला होता त्या बाजूला जमीन एकाएकीं संपली होती. बेतानें पुढें गेलों, आणि खालीं कैलास दिसला.

प्रथम दिसलें तें शिखर. मग मंडपाचें छप्पर. त्यावर एक मोठें कमळ कोरलें आहे आणि चार सिंह ऐटींत उभे आहेत. तीस वर्षांत मीं ते कधींहि पाहिले नव्हते, कारण दाराशीं उभ्या असलेल्याला ते दिसतच नाहींत. त्याखालीं भिंती, आणि अगदीं तळाशीं, सावलींत, देऊळ पाठीवर घेतलेले हत्ती. आठव्या शतकांत, राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळीं, कारागिरांनीं हा डोंगर वरून खालीं खोदीत नेला. त्यांच्या हातीं आधीं शिखर लागलें, पायथा शेवटीं. ते आले ते या बाजूनें. दाराशीं उतरून मान वर करणारे आम्हीच उलट बाजूनें येणारे होतों.

हें सारें मीं पुस्तकांत पूर्वींच वाचलें होतें. नाना दरवर्षीं मुलांना आधीं येथें आणून उभें करीत असले पाहिजेत. आणि त्या दिवशीं त्यांनीं एका वाक्यांत तें मलाहि सांगितलें. "नाहीं नाना, दार हेंच," असें मीं म्हटलें नसतें, "तें कसें?" एवढेंच विचारलें असतें, तर त्यांनीं पुढचें सांगितलें असतें. शाळामास्तराला प्रश्नाखेरीज दुसरें काय हवें असतें? मी बराच वेळ त्या खडकावर बसून राहिलों.

भाच्याला मीं लिहिलें कीं आपल्याकडे वाटा आहेत. रंग नाहीं इतकेंच. मात्र रंग उडाला तर पुन्हां देतां येतो; चालणारीं माणसें थांबलीं कीं वाट दोन पावसाळ्यांत बुजते. म्हणून यंदा पाऊस ओसरला कीं पुन्हां जावयाचें मीं ठरविलें आहे, आणि शेजारच्या तीन मुलांना विचारूनहि ठेवलें आहे. दोघे येतों म्हणाले. तिसऱ्यानें, मोटार कोठपर्यंत जाते, असें विचारलें आहे. मीं त्याला अजून उत्तर दिलेलें नाहीं; पण तो प्रश्न विचारतो, हें कांहीं थोडें नव्हे.