साल, करार आणि वहीतला रकाना

१/१४
दरवर्षी आखाजीच्या आदल्या आठवड्यात चाळीसगावातल्या एका घरी एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही उघडली जाते. वही जमाखर्चाची आहे; पण तिच्यात किराणा नाही की दूधवाल्याचा हिशेब नाही. तिच्यात मुंबई सिटी एफसी या फुटबॉल संघाचे पगारपत्रक आहे. कोणाचा करार कोणत्या वर्षाच्या ३१ मे रोजी संपतो, कोणास ठेवावे, कोणास सोडावे, याची ती नोंद. वही लिहिणारा सदतीस वर्षांचा आहे, एका महाविद्यालयात लेखाकर्म शिकवतो, आणि त्याचा संघ ज्या शहरात खेळतो ते शहर रेल्वेने सुमारे सव्वातीनशे किलोमीटर दूर आहे.

२/१४
ज्यांना फुटबॉल मैदानावरच दिसतो, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. सामने संपले की संघाच्या कार्यालयात तीन प्रश्न उभे राहतात. कोणाचे करार संपत आहेत? पुढल्या हंगामास पैसा किती? त्या पैशांत कोणत्या जागा भरायच्या? इंडियन सुपर लीगमध्ये या व्यवहारास वेतनमर्यादेची चौकट आहे. काही हंगाम ती प्रत्येक क्लबास १६.५ कोटी रुपये होती. एका परदेशी खेळाडूस दोन कोटी दिले, तर उरलेल्या साडेचौदा कोटींत बाकीचा सारा संघ बसवावा लागतो. वहीत हीच वजाबाकी चाललेली असते. आकडे बहुतेक अंदाजाचे, कारण आपल्याकडे क्लब खेळाडूंचे पगार जाहीर करत नाहीत. त्याची आई हे पाहून म्हणते, “घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा.”

३/१४
आईच्या म्हणीत अतिशयोक्ती फारशी नाही. तो तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक आहे. शिकवलेल्या तासांचे मानधन मिळते. उन्हाळी सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. दरवर्षी नव्याने जाहिरात निघते, नव्याने मुलाखत होते. ज्या दिवसांत तो पंचवीस-तीस खेळाडूंचे पुढचे वर्ष ठरवत असतो, त्याच दिवसांत त्याचे स्वतःचे पुढचे वर्ष ठरलेले नसते. हा योगायोग त्याच्या ध्यानात यायला बरीच वर्षे लागली. ती का लागली, हे समजण्यासाठी वेतनमर्यादेचा इतिहास पाहावा लागतो.

४/१४
ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९०१-०२ च्या हंगामापासून व्यावसायिक फुटबॉलपटूच्या पगारास कमाल मर्यादा घालण्यात आली: आठवड्यास चार पौंड. युक्तिवाद असा की श्रीमंत क्लबांनी सारे चांगले खेळाडू विकत घेतले तर लहान गावांचे क्लब बुडतील आणि स्पर्धेत गंमत उरणार नाही. युक्तिवादात तथ्य होते. परंतु मर्यादा ठरवणारे क्लबांचे पदाधिकारी होते, आणि पगार घेणाऱ्यांना त्या निर्णयात मत नव्हते. ‘स्पर्धेचा समतोल’ हा शब्दप्रयोग ज्या चाहत्यांच्या तोंडी आज सहज असतो, त्यांनी तो प्रथम कोणाच्या सोयीचा होता हे लक्षात ठेवणे बरे.

५/१४
या पद्धतीतली एक बारीक तरतूद चाळीसगावच्या वाचकास विशेष बोलकी वाटेल. हंगामातला पगार आणि उन्हाळ्यातला पगार वेगळे असत. १९४७ मध्ये कमाल मर्यादा हंगामात १२ पौंड व उन्हाळ्यात १० पौंड होती. १९५८ मध्ये ती २० आणि १७ पौंड झाली. सामने नाहीत म्हणून मोबदला कमी. त्याहून कठोर गोष्ट म्हणजे करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. क्लबाने त्याचे नाव राखून ठेवले, तर त्याला दुसरीकडे खेळता येत नसे.

६/१४
खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची तयारी केली, आणि जानेवारी १९६१ मध्ये कमाल मर्यादा रद्द झाली. त्यानंतर फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्यास शंभर पौंड मिळवू लागला. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूस राखून ठेवण्याची पद्धत हा व्यवसायावरचा अवाजवी निर्बंध ठरवला. तरीही करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागण्याची रीत युरोपात टिकून राहिली. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोस्मानचा करार १९९० मध्ये संपला. त्याच्या क्लबाने नव्या करारात पगार चौथाईवर आणला आणि दुसऱ्या क्लबाकडे जाण्याची वाटही अडली. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, ही आज गृहीत धरली जाणारी गोष्ट मिळायला एका खेळाडूची उमेदीची पाच वर्षे खर्ची पडली.

७/१४
आता खानदेशात येऊ. अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी. घागर भरणे, झाडाला टांगलेले झोके, माहेरी आलेल्या लेकी हे तिचे रूप सर्वांस ठाऊक आहे. तिचे दुसरे रूप हिशेबाचे. या दिवशी सालदाराचे जुने साल संपते आणि नवे ठरते. वर्षाची रक्कम, त्यातली आगाऊ उचल, ठरले असल्यास धान्य आणि कपडे. कोणाचा सालदार कोणाकडे जाणार, कोणी किती वाढवून मागितले, कोणाच्या अंगावर उचल राहिली, याची चर्चा पारावर रंगते. फुटबॉलच्या भाषेत बोलायचे तर ही खानदेशाची ट्रान्सफर विंडो. आणि ती युरोपातल्या कोणत्याही क्लबाची नक्कल नव्हे.

८/१४
वही लिहिणाऱ्याचे आजोबा सालदार होते. चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावी त्यांनी एकाच घरी अनेक सालं काढली. आजी सांगत असे की आखाजीच्या आधीचे पंधरा दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. उचल फिटली नसेल तर साल संपूनही माणूस मोकळा होत नसे. पुढचे साल त्याच घरी, मालक म्हणेल त्या रकमेत. ईस्टहॅमचा खटला लंडनच्या न्यायालयात चालला तेव्हा आजोबा भर उमेदीत होते. त्यांना त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. अनुभव मात्र ओळखीचा होता.

९/१४
मुंबईच्या फुटबॉलची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे दीर्घकाळ संघ कंपन्यांचे आणि सरकारी उपक्रमांचे होते: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, ओएनजीसी. अशा संघांत अनेक खेळाडूंना नोकरी मिळे. खेळाचे मोल म्हणून मोठी रक्कम हाती येत नसे. पण गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची राहत असे, आणि पगारही बारा महिने. याच परंपरेत १९६२ मध्ये महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा संघ स्थापन झाला. पुढे तो महिंद्र युनायटेड या नावाने व्यावसायिक क्लब झाला.

१०/१४
वही लिहिणाऱ्याचे पहिले प्रेम हाच संघ. मामा मुंबईत राहत. त्यांच्यासोबत कूपरेज मैदानावर त्याने लाल जर्सीतला हा संघ पाहिला. महिंद्र युनायटेडने २००५ चा फेडरेशन कप जिंकला आणि २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. डेरिक परेरा प्रशिक्षक होते. तेव्हा हा मुलगा अठरा वर्षांचा होता आणि त्याला वाटले, हे आता असेच चालणार. २००९-१० चा हंगाम संपला आणि कंपनीने संघ बंद केला. तालिकेत तळाशी जाऊन तो बुडाला नव्हता. संघ म्हणजे कोणाच्या तरी ताळेबंदातली एक ओळ असते, आणि ती ओळ खोडली की मैदानावरचे सारे संपते, हे त्याला त्या उन्हाळ्यात कळले. पगारपत्रकाची वही त्यानंतरची. पुन्हा कोणी न सांगता संघ नाहीसा करू नये, म्हणून तो आधीच हिशेब पाहू लागला.

११/१४
भीती निराधार नव्हती. २०१३ मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण न केल्याने एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना आय-लीगमधून वगळण्यात आले. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार क्लब एका दशकात मावळले. दुसरीकडे पैशाचा झगमगाट वाढत होता. १० जुलै २०१५ रोजी मुंबईत सुपर लीगचा लिलाव झाला. सुनील छेत्रीस मुंबई सिटीने १.२० कोटी रुपयांना घेतले, युजेनसन लिंगडोहला पुण्याने १.०५ कोटींना. ती दोन नावे वर्तमानपत्रांत झळकली. त्याच वर्षांत बंद पडत गेलेल्या क्लबांच्या राखीव खेळाडूंची नावे कोठेच आली नाहीत.

१२/१४
वहीतले सर्वांत आनंदाचे पान २०२० चे. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीची ६५ टक्के मालकी घेतली होती. पुढच्या वर्षी गोव्याचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले, आणि अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बूमूस, मंदार राव देसाई हे त्यांचे गोव्यातले खेळाडूही. २०२०-२१ मध्ये संघाने साखळीची ढाल आणि अंतिम चषक दोन्ही जिंकले. बिनहंगामी नियोजन म्हणजे काय, याचा हा पाठच. त्या पानावर मात्र डाव्या बाजूस जागा करून देण्यासाठी सोडलेल्यांची यादी आहे. प्रत्येक नावापुढे त्याने एकच शब्द लिहिला होता: ‘सोडावा’. वाचताना हे अक्षर मालकाचे वाटते. चाहता पगार देत नाही, घेतही नाही. पण आकडे मांडू लागला की तो नकळत देणाऱ्याच्या खुर्चीत बसतो. महाग खेळाडू त्याला ओझे वाटतो, जुना खेळाडू अडगळ वाटतो.

१३/१४
२०२५ च्या पावसाळ्यात ती खुर्चीच डळमळली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता. नवा झाला नव्हता. जुलैत कंपनीने क्लबांना कळवले की पुढचा हंगाम तूर्त स्थगित आहे. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. आदल्या वर्षी सप्टेंबरात सुरू झालेली लीग त्या सप्टेंबरात सुरू झाली नाही. बिनहंगामी दिवस संपेचनात. त्याच सुमारास महाविद्यालयाच्या फलकावर तासिका तत्त्वावरील पदांची जाहिरात लागली नव्हती. तो रोज फलक पाहून घरी येई, आणि वही उघडली की पंचवीस माणसे त्याच फलकासमोर उभी असल्यासारखी दिसत. आजीचे ते पंधरा दिवस त्याला तेव्हा आठवले.

१४/१४
जाहिरात पुढे उशिरा लागली, मुलाखत झाली, तास मिळाले. आदल्या वर्षापेक्षा कमी. वही बंद झालेली नाही. तो अजूनही वजाबाकी करतो, अजूनही त्याला मुंबईने जिंकावे असे वाटते, आणि ठरलेल्या रकमेत तीस माणसे बसवताना कोणाला तरी सोडावेच लागते हेही तो जाणतो. फरक एवढाच की ‘सोडावा’च्या शेजारी त्याने पेन्सिलीने एक नवा रकाना आखला आहे. त्यात प्रत्येक खेळाडूचे वय, कराराची उरलेली वर्षे, आणि आधीच्या क्लबाने पूर्ण पैसे दिले होते का, हे लिहायचे असते. शेवटचा तपशील क्वचितच मिळतो, म्हणून रकाना बहुतांशी कोरा आहे. आईने परवा विचारले, “हे कशाचं खातं रे?” तो म्हणाला, “आजोबांचं.” तिने वही थोडा वेळ हातात धरली आणि परत दिली.