न वाचलेली संहिता

साहित्याच्या अध्यापनात आयुष्य घालविल्यानंतर माणसाजवळ जे मोजके नियम उरतात, त्यांत माझ्यापाशी एक नियम फार जुना आहे. संहिता वाचल्यावाचून तिच्याविषयी बोलू नये. दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच तासाला मी तो सांगत असे. हा नियम मी स्वतः एकदा मोडला आणि तो मोडल्याचे ध्यानी यायला मला तीस वर्षे लागली. ही कबुली आता लिहून ठेवणे बरे, असे वाटते.

१९९४ साली आम्ही यमुनेपलीकडे, मयूर विहारला राहत होतो. मुलगा नऊ वर्षांचा होता. आमच्या वसाहतीच्या बाजारात शिंप्याच्या दुकानामागे एक अंधारी खोली होती आणि तीत व्हिडिओ गेमची चार यंत्रे होती. उभ्या कपाटासारखे यंत्र, त्यात पडदा, खाली हँडले आणि रंगीत बटणे. एका रुपयाला एक टोकन मिळे. एका संध्याकाळी मुलाला दूध आणायला पाठविले. तासभर झाला तरी तो परतेना, तेव्हा मी शोधत निघाले. तो त्या खोलीत होता. शेजारी आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा मुलगा दुसरे हँडल धरून उभा होता. पडद्यावर हाणामारी चालली होती. मी काही न बोलता मुलाचा दंड धरला आणि त्याला बाहेर ओढले. तो एवढेच म्हणाला, "आई, थांब ना. तो एकटा राहील."

मला ती लबाडी वाटली. घरी आल्यावर मी त्याला मारलेही. त्याच वर्षी एका दिवाळी अंकासाठी मी मुलांच्या यांत्रिक करमणुकीवर एक लेख लिहिला. या खेळांत कथा नाही, पात्र नाही, मूल्य नाही, केवळ आघातांची पुनरावृत्ती आहे, असा माझा निष्कर्ष होता. लेखाला पुष्कळ दाद मिळाली. त्यात एकाही खेळाचे नाव नव्हते. कारण एकाही खेळाचे नाव मला ठाऊक नव्हते.

२०२५ साली या जुन्या प्रकरणाची पाने पुन्हा उघडली. त्या जानेवारीत युगो साको यांचा जपानी-भारतीय रामायणपट चित्रपटगृहांत नव्याने आला. १९९३ साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला होता. तेव्हा मी तो पाहिला नव्हता. आता दहा वर्षांच्या नातीबरोबर पाहिला. ती जपानी चित्रमालिकांची भक्त आहे. पुढे फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन झाले. लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर अध्यक्षस्थानी होत्या. तीन दिवस लोकपरंपरेच्या विचारात गेले आणि त्याच भरात मी मेट्रोने नोएडाला, मुलाकडे गेले. दिवाणखान्यात एक लहानसे लाकडी यंत्र होते. मुलाने हौसेने आणले होते; जुन्या दुकानांतले शेकडो खेळ त्यात भरलेले. नातीने माझा हात धरून मला दुसऱ्या हँडलापाशी बसविले.

तिने निवडलेला खेळ 'सेलर मून' हा होता. नाओको ताकेउची यांची चित्रकथा, १९९२ पासूनची तिची चित्रमालिका आणि तीवरून १९९५ साली बानप्रेस्टोने दुकानांतल्या यंत्रांसाठी आणलेला हा मारामारीचा खेळ. पाच शाळकरी मुली राक्षसांशी लढत डावीकडून उजवीकडे चालत जातात, एवढेच त्याचे बाह्यरूप. माझ्या जुन्या लेखाला पुरावा मिळाला, असेच मला प्रथम वाटले. माझी बोटे चुकत होती, तीन मिनिटांत मी दोनदा मेले आणि नात हसत होती.

मग मी सवयीप्रमाणे नावांकडे वळले. नायिकेचे नाव त्सुकिनो उसागी, म्हणजे चंद्राचा ससा. ज्या भाषेत चंद्राला शशांक आणि शशधर म्हणतात, तिच्या अभ्यासकाला याहून ओळखीचे नाव कोणते असणार? तिच्या सख्या म्हणजे बुध, मंगळ, गुरू आणि शुक्र. मंगळाच्या मुलीचे अस्त्र अग्नी. जपानी भाषेत मंगळ हा अग्नीचा तारा आहे आणि मंगळवार हा अग्नीचा वार आहे. आपणही त्याच ग्रहाला अंगारक म्हणतो. ग्रहांच्या नावांचे हे वार जपानला पोहोचले ते बौद्ध ज्योतिषग्रंथांच्या वाटेने. आठव्या शतकात चीनमध्ये अमोघवज्र या आचार्याने सिद्ध केलेला असा एक ग्रंथ कूकाई या भिक्षूने नवव्या शतकाच्या आरंभी मायदेशी नेला. ज्या पडद्यावर मी 'केवळ आघात' पाहिले होते, त्यावर माझ्याच पंचांगाची दूरची नातलग मंडळी वावरत होती.

तरी नावांनी खेळ घडत नाही. खेळाचा अर्थ त्याच्या नियमांत असतो आणि तो मला खेळल्यावाचून कळला नसता. मध्येच एका संपादकांचा फोन आला म्हणून मी हँडल सोडून उठले. नात ओरडली, "आजी, जाऊ नकोस! तू मागं राहिलीस तर मला पुढं जाता येत नाही." मी पडद्याकडे पाहिले. माझी मुलगी डाव्या कडेला निश्चल उभी होती. नातीची मुलगी उजव्या कडेला पोहोचली होती आणि पडदा पुढे सरकत नव्हता. दोघींना मिळून एकच पडदा असतो. एकीने दुसरीला टाकून पुढे जायचे म्हटले, तर रस्ताच थांबतो.

मी फोन बंद केला आणि परत येऊन बसले. पण त्यानंतर माझे खेळात लक्ष लागले नाही.

रात्री मुलाला विचारले, "तू लहानपणी कोणता खेळ खेळत होतास?"

"मुस्तफा," तो म्हणाला.

यंत्रात तो खेळही होता. नाव मात्र वेगळे होते, 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मार्क शुल्ट्झ यांच्या अमेरिकी चित्रकथेवरून जपानच्या कॅपकॉमने तो १९९३ साली तयार केला. कथेचा नायक जॅक. हॅना आणि मेस यांच्यासारखाच मुस्तफा हा त्याचा एक सोबती. पण आपल्याकडच्या मुलांनी ते लांबलचक इंग्रजी नाव बाजूला सारले, नायकालाही बाजूला सारले आणि जो चपळ होता व ज्याचे नाव गल्लीतल्या एखाद्या मित्राचे असू शकत होते, त्याच्या नावाने अख्खा खेळ ओळखला. हे कोणी ठरविले नाही, कोठे छापले नाही. तरी देशभरच्या दुकानांत तो 'मुस्तफा'च झाला. कर्त्याने दिलेले नाव पुसून लोक कृतीला आपले नाव देतात, हे लोकपरंपरेचे लक्षण मी संमेलनात तीन दिवस ऐकत होते. ते माझ्या घराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत घडत होते, तेव्हा मी तिथून एका मुलाला ओढून बाहेर काढले होते.

या खेळांत हिंसा नाही, असे मी म्हणत नाही. मुठी आणि लाथा यांवाचून तिथे दुसरी भाषा नाही आणि त्या खोलीत मुलांचे रुपये व संध्याकाळी वाया जात, ही माझी काळजीही खोटी नव्हती. पण काळजी करणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे. काळजी करण्याचा अधिकार आईला आहे. निकाल देण्यापूर्वी वाचावे लागते.

"त्या दिवशी मी तुला ओढून नेलं," मी म्हणाले. "तुझ्याबरोबरच्या त्या मुलाचं पुढं काय झालं?"

मुलगा जरा वेळ गप्प राहिला. मला वाटले, तो विसरला असावा.

"त्यानं दोन्ही हँडलं धरून बघितलं," तो म्हणाला. "एका हातानं त्याचं, एका हातानं माझं. मी परत येईन असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्यानं मला सांगितलं, तुझ्या माणसाला मी फार वेळ जगवू शकलो नाही. माफी मागत होता माझी."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस, आई."

घरी आल्यावर तो दिवाळी अंक काढला. पाने पिवळी पडली आहेत. लेखाच्या शेवटी, जिथे माझा निष्कर्ष ठळक अक्षरांत छापला आहे, तिथे समासात मी पेन्सिलीने लिहिले: 'संहिता न वाचता लिहिलेले.' वर्गात एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधावर हा शेरा मी अनेकदा मारला आहे. त्यापुढे गुण देण्याची माझी पद्धत नव्हती. निबंध परत लिहून आणायला सांगत असे.