सगळं विकलं म्हणजे काय काय?

मोत्याच्या व्यापाऱ्याचा दाखला सांगायला सुरतेसारखं गाव नाही. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात तो जेमतेम दोन ओळींचा आहे. चांगल्या मोत्यांच्या शोधात फिरणाऱ्या एका व्यापाऱ्याला फार मोलाचा एक मोती दिसतो. तो घरी जातो, होतं नव्हतं ते सगळं विकतो आणि तो मोती घेतो. गोष्ट संपली. इतर गावांत मुलांना आधी पारख म्हणजे काय हे समजावावं लागत असेल, आम्हाला लागलं नाही. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात दलाल स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उलगडत, चिमट्यानं एकेक हिरा उचलत, डोळ्याला भिंग लावून निरखत. हे आम्ही लहानपणापासून पाहत होतो. लाखांचा माल शर्टाच्या खिशात घालून माणसं रस्त्यावर चहा पीत उभी असायची.

आमची घरं नंदुरबार-नवापूरकडची. भुसावळ-सुरत गाडीनं खानदेशातून माणसं आली, उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात राहिली आणि लूम्सवर कामाला लागली. त्यांत आम्ही थोडी ख्रिस्ती घरं. सकाळी गुजराती उपासनेला जायचं, दुपारी कुणाच्या तरी खोलीत मराठी प्रार्थना, आणि तिच्याआधी मुलांचं संडे स्कूल. गुजराती मंडळी इथली जुनी. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी १८१५ साली सुरतेत आले, त्यांनी इथेच बायबलचं गुजराती भाषांतर केलं आणि छापलं. पुढे ते काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. एक सतरंजी होती, फ्लॅनेल ताणून बसवलेला एक फळा होता, त्यावर चिकटणारी कागदी चित्रं होती आणि बाई होत्या.

बाई दाखला सांगून थांबायच्या. अर्थ सांगायच्या नाहीत. मग विचारायच्या, ‘सगळं विकलं म्हणजे काय काय विकलं? सांगा बरं पोरांनो.’ सुरुवातीला आम्ही दूरचं दूरचं सांगायचो: उंट, वाडा, सोनं. बाई मान हलवायच्या, ‘तुझ्या घरातलं सांग.’ मग यादी जवळ यायला लागायची. सायकल. पितळी हंडा. टेबलफॅन. आईचं शिलाईचं मशीन. इथे वर्गातला आवाज कमी व्हायचा, कारण त्या मशीनवर साडीला फॉल लावून घरात पैसे येत होते, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. एकदा एका मुलीनं विचारलं, ‘बाई, सगळं विकून मोती घेतला, मग खायचं काय? मोती परत विकायचा का?’ बाईंनी उत्तर दिलं नाही. घरी जाऊन विचार करा, म्हणाल्या.

मी अजून तो विचार करते आहे. तो मोती परत विकला तर गोष्टच राहत नाही, तो एक फायद्याचा सौदा ठरतो. विकला नाही तर तो माणूस व्यापारी राहत नाही. देव सगळ्यांहून मोठा, हे वाक्य आम्ही सोनेरी वचनांबरोबर शेकडो वेळा म्हटलं असेल. पण त्याचं वजन मला कळलं ते त्या शिलाईच्या मशीनपाशी.

सुरत शहर हाच बाईंचा दुसरा फळा होता. कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांचं जुनं कब्रस्तान आहे. तिथं ऑक्झेंडन भावांचं थडगं आहे, दुमजली, खांबांचं, घुमटाचं. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, जॉर्ज १६६९ मध्ये. नवख्या माणसाला तो एखाद्या नबाबाचा मकबराच वाटावा. बाईंनी आम्हाला त्याच्या सावलीत बसवून लूकच्या बाराव्या अध्यायातल्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. पीक मावेना म्हणून तो कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. वर पाहिलं की घुमट दिसत होता. आणखी काही सांगावं लागलं नाही.

तिथूनच बाई १६६४ च्या जानेवारीवर आल्या. शिवरायांच्या सुरत स्वारीची गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती, पण आमच्या मनात ती घोड्यांची आणि लुटीची होती. बाईंनी ती घरांची करून सांगितली. विरजी व्होरा हा त्या काळातला बडा धनाढ्य, त्याचं घर लुटलं गेलं. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन हत्यारं घेऊन आपला माल राखत बसला. फादर अँब्रोज नावाच्या कापुचिन पाद्र्याच्या घराला मात्र हात लागला नाही, असं बर्निये या फ्रेंच प्रवाशानं लिहून ठेवलं आहे. त्याच बर्नियेनं आणखी एक घर वाचल्याची नोंद केली आहे. ते एका मेलेल्या हिंदू दलालाचं होतं, कारण तो जिवंतपणी फार दानशूर होता असं राजांना सांगण्यात आलं. हे सांगताना बाईंचा चेहरा उजळायचा. पाद्री आमचा म्हणून नव्हे. त्या दोन घरांची नावं एका दमात घेता येतात म्हणून. मराठी मुलं, ख्रिस्ती मुलं, सुरतेची मुलं, या तिन्ही गोष्टी आम्ही त्या कब्रस्तानात एकदमच झालो.

रेव्हरंड टिळक तर घरातलेच. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा जात, नातीगोती, मान सगळं सुटलं. आमच्या आजोळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ची जीर्ण प्रत होती आणि आजी ती मोठ्यानं वाचायची. बाईंनी टिळकांना मोत्याचा व्यापारी म्हटलं, तेव्हा आजीनं घरी आम्हाला बजावलं, ‘आणि लक्ष्मीबाई? लहानग्या दत्तूला घेऊन मागे राहिल्या त्या. मोत्याची किंमत त्यांनी आधी भरली, मोती त्यांना पाच वर्षांनी मिळाला.’ १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. एक माणूस सगळं विकतो तेव्हा घरच्यांचंही त्यात विकलं जातं, ही बाजू मला संडे स्कूलमध्ये नाही, आजीकडून मिळाली. दाखला शिकवताना ती कुणी मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं.

आणि रविवार. लूम्स रविवारीही चालत. पाळी बुडवली की त्या दिवसाचे पैसे बुडाले. तरी महिन्यातून निदान एखाद्या रविवारी बाबा आमच्याबरोबर उपासनेला बसायचे, आणि त्या आठवड्यात दूध कमी यायचं. बोलत कुणी नव्हतं, पण मुलांना हिशेब कळतो.

आता मी शिकवते. हॉल आहे, पंखे आहेत, प्रोजेक्टर आहे. मे महिन्याच्या सुट्टीतल्या बायबल वर्गात, म्हणजे व्हीबीएसमध्ये, मोत्याचा दाखला ॲनिमेशनमध्ये दिसतो, मुलं थर्माकोलचा मोती कागदी शिंपल्यात चिकटवून घरी नेतात, गाणी बहुतेक हिंदी. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीची मुलं इंग्रजी माध्यमात गेली, त्यामुळे वचन मी मराठीतून म्हणते आणि ती रोमन लिपीत लिहून घेतात. याचं मला दुःख आहे, पण तक्रार नाही. म्हणताना त्यांचे उच्चार स्वच्छ असतात. बक्षिसांबद्दल मात्र मन खट्टू होतं. आम्हालाही बक्षिसं मिळत, परदेशातून आलेली जुनी नाताळकार्डं, मागचा मजकूर कापून टाकलेली. ती जपायची वस्तू होती. आता प्रत्येक उत्तराला चॉकलेट आहे. सगळं सोडून देणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची आणि बरोबर उत्तराला लगेच मोबदला द्यायचा, हे जुळत नाही. मी माझ्या वर्गात ते बंद केलं.

त्याहून मोठी गोष्ट रविवार सकाळच्या ट्यूशनची. चाचणी परीक्षा आली की वर्ग अर्धा रिकामा. पालक प्रेमळ आहेत, देवभीरू आहेत, मुलांचं भलं बघतात. पण घरात कशासाठी काय बाजूला सारलं जातं हे मूल पाहतं, आणि बाबांच्या बुडालेल्या पाळीनं मला जे शिकवलं ते माझा कुठलाही प्रोजेक्टर शिकवू शकत नाही.

एका बाबतीत मात्र आजची मुलं आमच्या पुढे आहेत. ती विचारतात. डिसेंबर २०२३ मध्ये खजोदला डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं, अमेरिकेच्या पेंटॅगॉनहून मोठी इमारत म्हणून गावभर कौतुक झालं. त्याच सुमारास प्रयोगशाळेत बनलेल्या हिऱ्यांचे भाव कोसळत होते. हे सगळं मुलांच्या कानावर असतं. एकानं विचारलं, ‘टीचर, तो मोती लॅबमधला नव्हता कशावरून? त्याला फसवलं असेल तर?’ मी त्याला विचारलं, तुझे काका खरा-खोटा कसा ओळखतात? ‘खूप बघून बघून.’ मग आम्ही पुन्हा वाचलं. हा व्यापारी आधीपासून मोती शोधत हिंडत होता. त्याच्याच आधीच्या दाखल्यातला माणूस वेगळा, त्याला शेतात गाडलेलं धन शोध न करता सापडतं. म्हणजे आयुष्यभर शोधणाऱ्यालाही आणि सहज अडखळणाऱ्यालाही, किंमत एकच. हे आम्ही लहानपणी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

गेल्या काही वर्षांच्या मंदीत हिरे घासायच्या घंटीवर बसणाऱ्या कितीतरी रत्नकलाकारांचं काम गेलं. त्यांतल्या एकाची मुलगी माझ्या वर्गात आहे. बाईंचाच प्रश्न मी विचारला, सगळं विकलं म्हणजे काय काय? मुलं सांगत होती, मोबाइल, टीव्ही, बाइक. ती म्हणाली, ‘त्याच्याकडे विकायला होतं तरी.’

मी दाखला तिथेच ठेवला आणि मंदिरातल्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचा प्रसंग सांगितला. येशू म्हणाला, हिनं सगळ्यांहून जास्त टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग संध्याकाळी ती जेवली का?’

शुभवर्तमानात ते लिहिलेलं नाही, आणि मी तिला तसंच सांगितलं. मंडळीच्या पुढच्या बैठकीत हिशेबाच्या आधी मी तिचा प्रश्न वाचून दाखवला. पाळकसाहेबांनी वही मागितली आणि काम गेलेल्या घरांची नावं लिहून घ्यायला सुरुवात केली.