जे दिसलं तेच लिहा

महाराष्ट्रात बी.एड. करून मी पाचवी-सातवीला मराठी शिकवत होते. इंग्लंडात मिल्टन कीन्सला आलो, मुलगी शाळेत रमली आणि मी काम शोधायला लागले. टीचिंग असिस्टंट, म्हणजे इथल्या बोलीत टीए, व्हायला कायद्याने अमुक एक परीक्षा लागत नाही. कुणाला घ्यायचं ते शाळा ठरवते. नर्सरीचं तसं नाही. तिथे दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस लागतं आणि निदान एकाकडे तरी मान्यताप्राप्त लेव्हल थ्री पात्रता असावी लागते. दोन्ही दारं उघडी राहावीत म्हणून मी अर्ली इयर्स एज्युकेटरची लेव्हल थ्री ऑनलाइन करायचं ठरवलं.

कवडीमोल भावात टीए करून देणाऱ्या जाहिराती मोबाइलवर पावलोपावली दिसायच्या. त्यांतले बरेच कोर्स नुसत्या माहितीचे असतात. व्हिडिओ पाहा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र छापा. मी घेतलेल्या कोर्सला प्लेसमेंट, म्हणजे नर्सरीत प्रत्यक्ष काम, होतं. त्यासाठी आधी डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी. मग आठवड्यातले काही दिवस नर्सरीत आणि रात्री भांडी आवरली की लॅपटॉप.

पियाजे, वायगॉट्स्की, बोल्बी ही बालमानसशास्त्रातली मंडळी बी.एड.मुळे ओळखीची होती. घाम काढला तो निरीक्षणांनी. मूल खेळत असताना बाजूला बसायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. ‘तो चिडला’ हे चालत नाही. ‘त्याने मूठ आवळली, ठोकळा ढकलला, दाराकडे पाहिलं’ हे चालतं. अर्थ लावायचा तो नंतर, वेगळ्या रकान्यात. आपल्याकडे शिक्षकाने उत्तर सांगायचं असतं. इथे हात मागे बांधून, मूल स्वतः कुठवर जातं ते बघत बसायचं. चाळीस मुलांच्या वर्गात मला हे कधी जमलंच नसतं, हेही खरं.

सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं, युनिट मी दोनदा वाचलं. मूल काही भयंकर सांगू लागलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, त्याच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, त्याच्याच शब्दांत लिहून नेमलेल्या व्यक्तीकडे द्यायचं. हे प्रत्येक शाळेत शिकवायला हवं, आपल्याकडेही.

आणखी एक नियम इथल्या मराठी आईबापांना सांगावासा वाटतो. इंग्लंडच्या ईवायएफएस या बालशिक्षणाच्या चौकटीत म्हटलंय की, ज्या मुलांच्या घरची भाषा इंग्रजी नाही त्यांना ती खेळताना-शिकताना वापरायची संधी द्यायला हवी. नर्सरी सुरू झाली की घरात मोडकंतोडकं इंग्रजी बोलू लागणारे पालक मी बरेच पाहिलेत. इंग्रजी मूल शाळेत शिकतंच हो!

सगळ्या अभ्यासात ताराबाई मोडकांचं नाव कुठेच आलं नाही. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडला नेलं. मूल शाळेत येत नसेल तर अंगणवाडी त्याच्या पाड्यावर न्यायची, शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं मानायची. ‘साध्या वस्तूंतून खेळ’ या असाइनमेंटमध्ये मी ते लिहिलं. असेसरने, म्हणजे माझं काम तपासणारीने, समासात विचारलं, यांच्याबद्दल आणखी कुठे वाचता येईल? इंग्रजीत द्यायला माझ्या हाताशी फारसं काही नव्हतं.

असेसर नर्सरीत येऊन मला मुलांबरोबर काम करताना बघून गेली, तेव्हा कुठे पात्रता पदरात पडली. घरबसल्या वाचन होतं, लेखन होतं. रडणारं मूल मात्र स्क्रीनवर शांत करता येत नाही. म्हणून या वाटेने निघालेल्या मैत्रिणींनो, पैसे भरण्याआधी तो कोर्स ऑफक्वाल या पात्रता-नियामक संस्थेच्या नोंदवहीत आहे का ते बघा. नर्सरीत काम करायचं असेल तर इंग्लंडच्या शिक्षण खात्याच्या मान्य पात्रतांच्या यादीतही शोधा. आणि प्लेसमेंट कोण मिळवून देणार, ते की तुम्ही, हे लेखी विचारून घ्या.