खर्चासह मंजूर

‘दावा खर्चासह मंजूर’ असा निकाल झाला की पक्षकाराला वाटतं, इतकी वर्षं घातलेले पैसे आता परत येणार. मग मी त्याला हुकूमनाम्याच्या शेवटचा खर्चाचा तक्ता दाखवतो. कोर्ट फी स्टॅम्प, समन्सचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता, नियमाने बसते तेवढी वकिलाची फी. शिवाजीनगर कोर्टातल्या खेपा आणि बुडालेली रोजंदारी त्यात नसतेच. जे असतं, तेही ज्या वर्षी खर्च झालं त्या वर्षीच्या रुपयांत.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, कलम ३५ मध्ये, खर्चावर सहा टक्क्यांपर्यंत व्याज देण्याची सोय होती. १९५६ च्या दुरुस्तीने ती वगळली. माझ्या मते जिंकणाऱ्याचं सर्वांत मोठं नुकसान इथे झालं, कारण हरलेल्याला पैसे लांबवण्यात तोटाच उरला नाही. खोट्या दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली मिळणारी भरपाई १९७६ च्या दुरुस्तीत जास्तीत जास्त ३,००० रुपये ठरली. ती आजही तेवढीच आहे. २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खर्च वास्तवाला धरून द्यावा असं बजावलं. २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने व्यापारी वादांत ही ३,००० ची मर्यादा उठवली, खर्चावर व्याजही देता येतं. पण सदाशिव पेठेतल्या वाड्याची वाटणी त्या कायद्यात बसत नाही.

आणि माणसं थांबत नाहीत. ताईमहाराज प्रकरणात १९०१ साली औरंगाबादेत झालेल्या दत्तकाचा वाद प्रिव्ही कौन्सिलात १९१५ मध्ये मिटला. लोकमान्य टिळक जिंकले, पण तो दत्तक नाकारणाऱ्या ताईमहाराज कितीतरी आधीच वारल्या होत्या. आजही खर्च देणं लागणारा ऋणको वारला की वारसांची जबाबदारी त्याच्याकडून हाती आलेल्या मिळकतीपुरतीच. मिळकत तोवर विकली गेली असेल, तर वसुली कशातून करायची याचा शोध नव्याने सुरू होतो.

म्हणून वकीलपत्र घेतल्या दिवसापासून मी पावत्या जपायला लावतो. अपिलात स्थगिती मागितली गेली की खर्चाची रक्कम कोर्टात भरण्याची अट घालावी, असा अर्ज देतो. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी करायच्या दरखास्तीला १२ वर्षांची मुदत असते, आणि ती पुष्कळ आहे असं समजून लोक स्वस्थ बसतात. ताबा मिळाला की पक्षकार हमखास म्हणतो, ‘‘जाऊ द्या वकीलसाहेब, एवढ्याशा रकमेसाठी पुन्हा कोर्ट नको.’’ त्याचा शीण मला कळतो, तरी मी ऐकत नाही. ताब्याच्या दरखास्तीतच खर्चाची मागणी आधीच लिहून ठेवलेली असते. मग त्यासाठी वेगळी दरखास्त, वेगळ्या तारखा लागत नाहीत.